घोट्याचे संधिरोपण आणि चाल

झिजलेल्या वा इजा झालेल्या घोट्याच्या सांध्यातील अस्थींचे पृष्ठभाग कापून काढून त्यांच्या जागी धातू व प्लॅस्टिक यांचे कृत्रिम पृष्ठभाग बसविण्याच्या शस्त्रक्रियेला घोट्याचे संधिरोपण म्हणतात. खुबा व गुडघा यांच्या संधिरोपणाइतकी ही शस्त्रक्रिया प्रचारात नाही. भारतात गुडघ्याच्या मानाने ती फारच थोड्या प्रमाणात होते. वेदना घालविणे हा तिचा पहिला हेतू आणि सांध्याची हालचाल टिकविणे हा दुसरा. पहिला हेतू बव्हंशी साध्य होतो. दुसरा केवळ अंशतः साध्य होतो आणि हा अंश कोणत्या कामाला पुरेल व कोणत्या कामाला पुरणार नाही, यावरच शस्त्रक्रिया करून घेण्याचा निर्णय पुष्कळदा अवलंबून असतो. सपाट रस्त्यावरील चालीला तो पुरतो. टाचा टेकवून उकिडवे बसण्याला पुरत नाही. खुरपणी, चुलीपुढील काम, शौच यांसारख्या नित्याच्या गोष्टी जमिनीलगत बसून केल्या जातात अशा समाजात हा भेद लहान नव्हे.

सांध्याची रचना : घोट्याचा सांधा तीन अस्थींनी बनलेला असतो. नडगीचे मोठे हाड म्हणजे अंतर्जंघास्थी व तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड म्हणजे बहिर्जंघास्थी यांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते. या खोबणीत गुल्फास्थी हे पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. दोन्ही बाजूंना हाताला लागणारे उंचवटे, ज्यांना व्यवहारात घोटे म्हणतात, ते या खोबणीचे काठ होत. गुल्फास्थीचा वरचा पृष्ठभाग पुढे रुंद व मागे अरुंद असतो. त्यामुळे पाऊल वर वळविले असता तो खोबणीत घट्ट बसतो आणि खाली वळविले असता किंचित सैल होतो. उतारावर वा जिन्यावर पाऊल खाली वळलेले असताना ते मुरगळण्याचा संभव अधिक असतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

या सांध्यात मुख्यतः दोनच हालचाली होतात : पाऊल नडगीकडे वर वळणे म्हणजे ऊर्ध्वनमन आणि ते खाली वळणे म्हणजे अधोनमन. निरोगी प्रौढात ऊर्ध्वनमन सुमारे १० ते २० अंश व अधोनमन सुमारे ४० ते ५५ अंश असते. शरीराचा भार नडगीवरून पुढे झुकला म्हणजे ऊर्ध्वनमन याहूनही पुष्कळ वाढू शकते. पाऊल आत वा बाहेर कलंडण्याची हालचाल मात्र घोट्याच्या सांध्यात होत नाही. ती त्याच्या खाली, गुल्फास्थी व टाचेचे हाड यांच्या दरम्यान असलेल्या अधोगुल्फ सांध्यात होते. हा भेद पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल, कारण संधिरोपणाने बदलतो तो वरचा सांधा; खालचा सांधा व पावलाच्या मध्यभागातील लहान सांधे आहेत तसेच राहतात आणि नव्या सांध्याला त्यांच्याच सोबतीने काम करावे लागते.

चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार येतो. हा भार गुडघ्यापेक्षा बऱ्याच लहान पृष्ठभागावर पडतो आणि त्यावरील उपास्थीचा थर जाडीने एक ते दीड मिलिमीटरच्या आसपासच असतो. असे असूनही नुसत्या वयोमानाने घोटा सहसा झिजत नाही. गुडघ्याच्या बाबतीत नेमके उलट आढळते.

निरोगी चाल : एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला चालीचे एक आवर्तन म्हणतात. यातील सुमारे ६० टक्के काळ पाऊल जमिनीवर असते (आधार अवस्था) व उरलेला ४० टक्के काळ ते हवेत पुढे झुलते (दोलन अवस्था). आधार अवस्थेत पाऊल झोपाळ्याच्या खुर्चीच्या बुडासारखे जमिनीवर पुढे लोळत जाते. अमेरिकन अस्थिवैद्य जॅकलिन पेरी यांनी या लोळण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात टाचेच्या गोलाईवर पाऊल पुढे लोळते व चवडा हलकेच जमिनीवर टेकतो. दुसऱ्यात पाऊल सपाट टेकलेले असते व नडगी घोट्यावरून पुढे झुकते. तिसऱ्यात टाच उचलली जाते आणि शरीर चवड्यावरून पुढे ढकलले जाते. दुसरा टप्पा सर्वस्वी घोट्याच्या सांध्यावर अवलंबून असतो. तिसऱ्याची शक्ती पोटरीच्या स्नायूंतून येते व ती पार्ष्णी कंडरेतून, म्हणजे टाचेच्या शिरेतून, पावलाला पोहोचते. सपाट जमिनीवरील या सर्व व्यापाराला घोट्याची साधारणतः ३० अंशांची हालचाल लागते : सुमारे १० अंश वर व २० अंश खाली. जिना चढण्यास सुमारे ३७ अंश आणि उतरण्यास सुमारे ५६ अंश लागतात. दुखऱ्या घोट्याची माणसे चढण्यापेक्षा उतरण्याला अधिक भितात, त्याचे कारण या आकड्यांत दिसते.

घोटा झिजण्याची कारणे : घोट्याच्या अपकर्षी संधिशोथाचे (झिजेमुळे होणाऱ्या सांध्याच्या विकाराचे) बहुसंख्य रुग्ण पूर्वी झालेल्या इजेमुळे रोगग्रस्त झालेले असतात. घोट्याचा अस्थिभंग, नडगीच्या खालच्या टोकाचा चुरा, गुल्फास्थीचा भंग किंवा पुनःपुन्हा मुरगळून सैल झालेले बंध ही त्यांतील प्रमुख कारणे होत. संधिवाताभ संधिशोथ, रक्तस्रावी रोग, क्षयजंतूंचा वा इतर जंतूंचा संसर्ग ही कारणे त्यामानाने कमी आढळतात. इजा व संधिशोथ यांमधील काळ मोठा असतो. पुष्कळदा पंधरा-वीस वर्षांनी सांधा पुरता निकामी होतो. त्यामुळे या विकाराचा रुग्ण गुडघ्याच्या रुग्णापेक्षा सामान्यतः तरुण असतो व त्याच्यापुढे कष्टाची बरीच वर्षे शिल्लक असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारी परिसराला केंद्र करून झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे सापडली. अशा दुर्घटनेत घोट्याला झालेल्या इजेचा हिशेब हाड सांधल्यावर संपत नाही. त्यावेळी विशीत असलेल्या माणसाच्या बाबतीत तो चाळिशीत पुन्हा उघडू शकतो. आज हीच भूमिका मुख्यतः मोटारसायकलीचे अपघात आणि विहिरीत, झाडावरून वा बांधकामाच्या परातीवरून झालेली पडझड या पार पाडीत आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वीची चाल : शस्त्रक्रियेने काय बदलते हे समजण्यासाठी आधी काय बिघडलेले होते हे पाहिले पाहिजे. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून रुग्ण त्या पायाची आधार अवस्था आखडती घेतो. परिणामी चांगला पाय घाईने पुढे टाकला जातो व त्याचे पाऊल तोकडे पडते. म्हणजे तोकडे पाऊल दिसते चांगल्या पायाचे, आणि दोष असतो दुसऱ्यात. नडगी घोट्यावरून पुढे झुकू शकत नाही, म्हणून टाच वेळेपूर्वीच उचलली जाते किंवा गुडघा मागे लवतो. कित्येक रुग्ण पाऊल बाहेरच्या दिशेला फिरवून ठेवतात व त्याच्या आतल्या कडेवरून लोळत पुढे जातात. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत जखडले असेल, तर चवडा जमिनीला अडखळू नये म्हणून गुडघा प्रमाणाबाहेर उचलावा लागतो. काही वर्षे घातलेल्या चपलांचे तळ पाहिले, तरी यांतील बऱ्याच गोष्टी कळतात : दोन्ही तळांची झीज सारखी नसते आणि दुखऱ्या पायाची टाच पुष्कळदा एका कडेनेच घासलेली असते. प्रयोगशाळेत हेच मापन चित्रण व भारमापक फरशी यांच्या साहाय्याने अधिक काटेकोरपणे करतात.

इतिहास : निकामी घोट्यावरील जुना व अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला उपाय म्हणजे संधि-स्थिरीकरण. यात सांध्याची उपास्थी खरवडून काढून गुल्फास्थी व अंतर्जंघास्थी एकमेकींशी कायमच्या जुळू देतात. सांधा नाहीसा होतो व त्याबरोबर वेदनाही जाते. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांनी १९५१ मध्ये हाडांवर बाहेरून दाब देऊन ती जुळविण्याची पद्धत वर्णिली. याच चार्न्ली यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात कृत्रिम खुबा यशस्वी करून दाखविला आणि त्या यशामुळे घोट्यालाही कृत्रिम सांधा बसवून पाहण्याची उमेद निर्माण झाली. १९७० मध्ये फ्रान्समध्ये लॉर व मारॉत यांनी खुब्याचा कृत्रिम दांडा उलटा करून अंतर्जंघास्थीत बसविला, गुल्फास्थी संपूर्ण काढून टाकली आणि टाचेच्या हाडात वाटी बसविली. अशा २५ रुग्णांपैकी दहा वर्षांनी केवळ ७ जणांचा परिणाम समाधानकारक होता. घोटा म्हणजे उलटा खुबा नव्हे, हे या प्रयोगाने महागात शिकविले. त्या पहिल्या पिढीचे इतर सांधेही सिमेंटने चिकटविलेले होते व ते लवकर सैल झाले. त्यामुळे १९८० च्या सुमारास अनेक शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया सोडून स्थिरीकरणच करावे असे मत दिले. अमेरिकेत फ्रँक अल्व्हाइन व डेन्मार्कमध्ये हाकोन कोफोड यांनी मात्र प्रयत्न चालू ठेवला. हाड थोडेच कापावे, ते सच्छिद्र धातूवर आपोआप वाढू द्यावे व बंध शाबूत ठेवावेत, या तत्त्वांवर आधारलेले त्यांचे सांधे १९८० नंतरच्या दशकात वापरात आले. आजचे सांधे याच वळणाचे आहेत.

शस्त्रक्रिया : घोट्याच्या पुढील बाजूस उभा छेद देऊन कंडरा, रक्तवाहिनी व तंत्रिका बाजूला सारतात. अंतर्जंघास्थीचे टोक काही मिलिमीटर सपाट कापून त्यावर धातूची चकती बसवितात. गुल्फास्थीवर तिच्या गोलाईशी जुळणारी धातूची टोपी बसवितात आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलिनाचा तुकडा ठेवतात. काही सांध्यांत हा तुकडा चकतीला पक्का असतो, तर काहींत तो सरकता असतो. पाऊल तिरपे झालेले असल्यास ते सरळ करणे, सैल बंध आवळणे आणि आखडलेली पार्ष्णी कंडरा लांब करणे ही कामे त्याच वेळी वा आधी करावी लागतात. चालीच्या दृष्टीने यांचे महत्त्व कृत्रिम सांध्याहून कमी नाही. वाकड्या पावलावर सरळ सांधा बसविल्यास त्याची एक कड झिजते. घोट्याच्या पुढची त्वचा पातळ असल्याने जखम भरून येण्यास वेळ लागतो. मधुमेही व तंबाखू सेवन करणारे यांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो.

शस्त्रक्रियेनंतरचे बदल : पहिले सुमारे दोन आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये व उशीवर उंच ठेवलेला असतो. जखम भरल्यावर रुग्ण वॉकर वा कुबड्या घेऊन हळूहळू भार देऊ लागतो आणि बहुधा सहा आठवड्यांच्या सुमारास पूर्ण भार देतो. यातील नेमके वेळापत्रक शल्यचिकित्सकागणिक बदलते. या काळात पोटरी लक्षणीय रोडावते. सूज सहा महिने, प्रसंगी वर्षभरही, संध्याकाळी जाणवत राहते. तो बिघाड समजून घाबरण्याचे कारण नसते. मात्र लाली, वाढती वेदना, ताप वा जखमेतून स्राव ही लक्षणे निराळी होत आणि त्यांसाठी विनाविलंब तपासणी करावी लागते. पोटरीत दुखणे व सूज एकाएकी वाढल्यास शिरेत रक्त गोठल्याची शंका घेतात.

चालीतील पहिला बदल हालचालीत दिसत नाही, तालात दिसतो. वेदना गेल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या पायावर रुग्ण पूर्ण वेळ उभा राहू लागतो व चांगल्या पायाची घाई संपते. दोन्ही पावलांची लांबी सारखी होऊ लागते, मिनिटागणिक पावलांची संख्या वाढते आणि चालीचा वेगही वाढतो. घरच्या माणसांना हा बदल डोळ्यांपूर्वी कानांनी कळतो, कारण फरशीवरील पावलांचा एक जड व एक हलका असा आवाज समान होत जातो. दुसरा बदल नडगीच्या झुकण्याचा. घोटा पुन्हा थोडा वर वळू लागल्याने टाच वेळेवर उचलली जाते व गुडघ्याचे मागे लवणे कमी होते. तिसरा बदल पुढे ढकलण्याच्या शक्तीचा असून तो सर्वांत उशिरा येतो व सर्वांत अपुरा राहतो. वर्षानुवर्षे काम न केलेली पोटरी सांधा बदलल्याने एकदम सबळ होत नाही. टाचा उचलण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर व शक्य झाल्यास पुढे एका पायावर, नेमाने केल्यास वर्ष-दोन वर्षे सुधारणा होत राहते. तरीही मोजमापांत शस्त्रक्रिया झालेल्या घोट्याची शक्ती बहुधा निरोगी घोट्याहून कमीच आढळते. म्हणजे चाल शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा निश्चित चांगली होते, पण ती निरोगी माणसाच्या चालीसारखी होत नाही.

हालचाल किती वाढते, याविषयी रुग्णाच्या अपेक्षा बहुधा जास्त असतात. अंशांत मोजता ही वाढ थोडी असते. शस्त्रक्रियेनंतरची हालचाल ठरविणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची हालचाल होय. फार वर्षे जखडलेल्या घोट्याभोवतीचे स्नायू, कंडरा व संपुट आखडलेले असतात आणि नवा सांधा त्यांच्या मर्यादेतच हलतो. दुसरी गोष्ट अशी की, बाहेरून पाऊल वर-खाली होताना दिसते त्यातील काही भाग घोट्यात होत नसून पावलाच्या मध्यभागातील सांध्यांत होत असतो. क्ष-किरण चित्रांवरून केवळ कृत्रिम सांध्याची हालचाल मोजली, तर ती तपासणीच्या मेजावर मोजलेल्या हालचालीपेक्षा कमी भरते. रुग्णाला याने काही बिघडत नाही, पण दोन अहवालांतील आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

जिना चढताना चांगला पाय आधी व उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, असा क्रम शिकवितात. पुढे बहुतेकांना एकामागून एक पायरी चढता येते; उतरताना मात्र कठड्याची सवय पुष्कळांना कायम राहते. पोहणे, सायकल व सपाटीवरील लांब चालणे यांना सामान्यतः परवानगी असते. धावणे, उड्या मारणे व डोक्यावर जड ओझी वाहणे टाळावे लागते, कारण प्रत्येक पावलागणिक पॉलिएथिलीन थोडेथोडे झिजते आणि पायाची एका वर्षातील पावले दहा लाखांच्या घरात जातात.

जखडलेल्या घोट्याशी तुलना : स्थिरीकरण झालेला माणूस लंगडतोच असे नाही. सपाट जमिनीवर व योग्य जोड्यात त्याची चाल पाहणाऱ्याला शंका येणार नाही इतकी चांगली असू शकते. त्याच्या पावलाचा मध्यभाग घोट्याचे काही काम स्वतःकडे घेतो. टाच लवकर उचलली जाते व पाऊल किंचित तोकडे पडते. अनवाणी चालताना, चढावर व खडबडीत जमिनीवर उणीव जाणवते. परंतु या जादा कामाची किंमत शेजारच्या सांध्यांना द्यावी लागते. इजेनंतर घोट्याचे स्थिरीकरण केलेल्या २३ रुग्णांचा सरासरी २२ वर्षांनी घेतलेला मागोवा २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकांच्या त्या पावलातील इतर सांधे झिजल्याचे आढळले. संधिरोपणाच्या बाजूने केला जाणारा प्रमुख युक्तिवाद हाच आहे : नवा घोटा थोडा जरी हलला, तरी खालच्या सांध्यांवरील ताण हलका होतो.

तथापि संधिरोपण सरसकट श्रेष्ठ ठरलेले नाही. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ५० ते ८५ वर्षे वयाच्या ३०३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटात संधिरोपण व दुसऱ्यात स्थिरीकरण करण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एक वर्षानंतर चालणे व उभे राहणे यांत दोन्ही गटांची मोठी सुधारणा दिसली. दोहोंमधील फरक निर्णायक नव्हता. जखम न भरणे व तंत्रिकेला इजा या तक्रारी संधिरोपणात अधिक होत्या. स्थिरीकरणात काही रुग्णांची हाडे जुळली नाहीत. एक वर्ष हा काळ अर्थातच शेजारच्या सांध्यांची झीज दिसण्यास अपुरा आहे. टिकाऊपणाचा प्रश्न त्याहून निराळा. स्वीडनमध्ये १९९३ पासून नोंदलेल्या सांध्यांच्या २०११ मधील आढाव्यात दहा वर्षांनी सुमारे ६९ टक्के सांधे शाबूत होते. त्यानंतरच्या बनावटींचे आकडे अधिक चांगले आहेत, पण खुब्याचा वा गुडघ्याचा टिकाऊपणा घोट्याने अद्याप गाठलेला नाही. साठीपुढील, बेताच्या वजनाच्या व फारसे अंगमेहनतीचे काम नसलेल्या रुग्णास संधिरोपण आणि तरुण, कष्टकरी रुग्णास स्थिरीकरण, असा ढोबळ संकेत त्यामुळे रूढ आहे.

जमिनीवरील बैठक : टाचा टेकवून उकिडवे बसताना घोट्याचे ऊर्ध्वनमन ३५ ते ४० अंशांपर्यंत जाते. चालण्याला लागणाऱ्या ऊर्ध्वनमनाच्या हे तिपटीहून अधिक आहे. कृत्रिम घोटा बहुधा १०-१५ अंशांच्या पुढे वर वळत नाही आणि तो बळाने वळविल्यास चकतीची पुढची कड दाबली जाते. म्हणून उकिडवे बसणे वर्ज्य मानतात. वज्रासन व नमाजातील बैठक यांत उलट टोक गाठले जाते. तेथे जवळजवळ पूर्ण अधोनमन लागते व तेही बहुतेकांना मिळत नाही. मांडी घालून बसण्यास घोट्याची हालचाल कमी लागते, परंतु पाऊल आत कलते व बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो. मऊ बैठकीवर थोडा वेळ ती चालते. उंच शौचपात्र, चुलीऐवजी ओटा, पूजेसाठी पाट सोडून चौरंगाएवढे आसन हे बदल शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवणे इष्ट असते.

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावी याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. मराठवाड्याच्या या भागात खोल काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात पावलाला चिकटून जड ढेकळे होतात व उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. अशा जमिनीवर पावलाला सतत आत-बाहेर कलंडावे लागते आणि हे काम, वर सांगितल्याप्रमाणे, अधोगुल्फ सांध्याचे आहे. तो सांधा चांगला असेल, तर नव्या घोट्याचा माणूस बांधावरून व सरीतून बऱ्यापैकी चालू शकतो. तोही झिजला असेल, तर डांबरी रस्त्यावर सफाईने चालणारा तोच माणूस शेतात अडखळतो. सोयाबीनची खुरपणी ओळीत उकिडवे बसून पुढे सरकत केली जाते. ती या रुग्णाला करता येणार नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. खुरपणी मुख्यतः स्त्रिया करीत असल्याने तिच्या मजुरीचा प्रश्न त्यांच्या बाबतीत वेदनेइतकाच खरा असतो. उभ्याने चालविण्याचे कोळपे, लांब दांड्याचे खुरपे किंवा दुसरे काम हेच पर्याय उरतात. अर्थात स्थिरीकरण केलेल्या घोट्यानेही टाच टेकवून बसता येत नाही, आणि झिजलेल्या घोट्याने तर त्याआधीच ती बैठक सुटलेली असते. तेव्हा ही संधिरोपणाने केलेली हानी नव्हे. त्याने भरून न निघणारी ती उणीव आहे.

या संदर्भात जयपूर फूटची आठवण होते. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर येथे तयार केलेले हे कृत्रिम पाऊल पाय कापलेल्या माणसासाठी असल्याने त्याचा संधिरोपणाशी थेट संबंध नाही. परंतु त्यापूर्वी मिळणारे परदेशी बनावटीचे पाऊल घोट्याच्या जागी ताठ होते व त्यावर बूट घालणे आवश्यक असे. भारतीय शेतकरी ते टाकून देत. सेठी व शर्मा यांनी रबराचे पाऊल असे बनविले की, ते बऱ्यापैकी वर वळावे, अनवाणी चालता यावे आणि उकिडवे बसता यावे. शरीरात बसविण्याच्या घोट्याची रचना करताना हा विचार अजून तितकासा झालेला नाही. त्याची मापे मुख्यतः खुर्चीवर बसणाऱ्या व बूट घालणाऱ्या समाजातील सपाट चालीवरून ठरलेली आहेत. हाडाच्या आत बसणाऱ्या सांध्याला अधिक वळू देणे हे रबराला वळू देण्याइतके सोपे नाही हे खरे, तरीही अपेक्षेतील हा फरक नोंदण्यासारखा आहे.

पादत्राणाचा परिणाम अनेकदा दुर्लक्षिला जातो. सपाट तळाच्या चपलेत पाऊल पुढे लोळताना घोट्याला अधिक वर वळावे लागते. टाच दीड-दोन सेंटिमीटर उंच असलेल्या जोड्यात ही गरज कमी होते. म्हणून ऊर्ध्वनमन कमी असलेल्या रुग्णास थोड्या उंच टाचेचा, मागे पट्टा असलेला व पुढे किंचित गोलाई असलेला जोडा देतात. मागून उघड्या चपलेत ती सुटू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागतात व चालीचा ओघ तुटतो. घरात अनवाणी वावरणाऱ्यांनी निदान पहिल्या वर्षी घरातही पट्ट्याची चप्पल वापरणे हिताचे असते.

शस्त्रक्रियेस अपात्र रुग्ण : सांध्यात चालू संसर्ग असेल, पायाचा रक्तपुरवठा अपुरा असेल, गुल्फास्थीचा मोठा भाग मृत झाला असेल किंवा पोटरीचे स्नायू लुळे असतील, तर संधिरोपण करीत नाहीत. पावलाची संवेदना गेलेली असणे हेही मोठे प्रतिकूल लक्षण होय. दीर्घकालीन मधुमेहात व कुष्ठरोगात वेदनेची सूचना न मिळाल्याने माणूस मोडत्या सांध्यावर चालत राहतो. तेथे कृत्रिम सांधाही त्याच रीतीने मोडतो. संवेदना गेलेल्या या रुग्णाची चाल सरळ व निर्वेध दिसते म्हणून फसगत होण्याचा संभव असतो.

सांधा सैल होऊ लागल्याची खूण पुष्कळदा चालीतच प्रथम मिळते. काही वर्षे समान पडणारी पावले पुन्हा विषम होतात, बसून उठल्यावरची पहिली काही पावले दुखतात, चपलेची झीज बदलते. क्ष-किरण चित्रात चकतीभोवती काळी रेषा किंवा हाडातील पोकळी दिसते. वेदना नसली, तरी दरवर्षी एकदा तपासणी करण्याचा प्रघात आहे, तो अशा पोकळ्या वेळीच सापडाव्यात म्हणून. केवळ पॉलिएथिलीन झिजले असल्यास तेवढाच तुकडा बदलता येतो. चकती वा टोपी हलली असल्यास नवा सांधा बसवितात, अथवा सर्व भाग काढून कमरेच्या हाडातील अस्थिकलमाने पोकळी भरून घोटा कायमचा जखडतात. या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाय थोडा आखूड होऊ शकतो. तो फरक जोड्याच्या तळाला जाडी देऊन भरून काढतात.